कातळवाडीचे सोळा श्वास

"छातीकडे बघायचं, पण बघतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही," छाया सिस्टर म्हणाल्या आणि वर्गातल्या अकराच्या अकरा मुली फिस्सकन हसल्या.

"हसा, हसा! परीक्षेत रडाल. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. नजर घड्याळावर, आणि घड्याळाच्या पलीकडे त्याची छाती. वर गेली, खाली आली, झाला एक श्वास. पेशंटला वाटतं, बाई अजून नाडीच मोजतेय. आता तुमचा श्वास मोजते असं सांगितलंत की खेळ खलास. निम्मी माणसं श्वास घ्यायचीच विसरतात आणि उरलेल्यांचा लोहाराचा भाता होतो."

कर्जतला भिसेगावात पिठाच्या गिरणीच्या माडीवर हा नर्सिंग असिस्टंटचा वर्ग भरायचा. खाली गिरणी सुरू झाली की वरची जमीन अशी हलायची की टेबलाच्या पायाचीसुद्धा नाडी लागायची. छाया सिस्टर चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढून निवृत्त झालेल्या. पेशंट जिना चढत असतानाच त्या नुसत्या पावलांवरून त्याचं बीपी सांगत, आणि मशीनचा आकडा वेगळा आला तर मशीन दुरुस्तीला पाठवत, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. निम्मं खोटं धरलं तरी बाई जबरदस्त होत्या.

शनिवारी परीक्षा होती. प्रत्येक मुलीने आपल्या वाट्याच्या वस्तीत जाऊन चोवीस माणसांचा ताप, नाडी, श्वास आणि बीपी घ्यायचं, कागदावर लिहायचं आणि त्या आकड्यांचा अर्थ परीक्षकांना समजावून सांगायचा. परीक्षक होते टिपणीस सर. त्यांच्या खिशात दोन पेनं असत. निळं सहीपुरतं, लाल बाकी सगळ्याला.

वर्गातली दीक्षा कुंभिवलीची. हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे ऐकत मोठी झालेली आणि मोजायला बसली की डोक्यावर आभाळ कोसळलं तरी आकडा न चुकणारी पोरगी. खोपोलीच्या एका दवाखान्याने तिला तोंडी सांगून ठेवलं होतं, "सोमवारी सर्टिफिकेट घेऊन ये, मंगळवारपासून कामावर. नाही आलीस तर यादीत पुढचं नाव तयार आहे." आई भीमाबाईने पांढरा ड्रेस शिवून, इस्त्री करून खुंटीला लावूनही टाकला होता आणि घरात येईल त्याला ती तो दाखवत होती. नापास झाली तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तोवर त्या ड्रेसकडे बघायचं कसं, हा प्रश्न दीक्षाला रोज सकाळी पडत होता.

चिठ्ठ्या टाकल्या. मैत्रीण सुरभीच्या वाट्याला भिसेगावातली तिची स्वतःचीच बिल्डिंग आली. दीक्षाला आली कातळवाडी.

कातळवाडी म्हणजे भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या पायथ्याची चाळीस उंबऱ्यांची वस्ती. डोंगरावरून पाण्याचे जाडजूड पाइप खाली उतरतात, त्यांच्या सावलीतली. वाडीतल्या निम्म्या पुरुषांनी पॉवर हाऊसमध्ये नोकरी केलेली आणि त्या सगळ्यांचे म्होरके मालोजीआजोबा. मालोजींनी छत्तीस वर्षं एकच काम केलं होतं. प्रेशरच्या काट्यांसमोर स्टुलावर बसायचं आणि काटा मधल्या खुणेवरून हलू द्यायचा नाही. निवृत्त झाल्यावर समोर काटाच उरला नाही, म्हणून ते बायकोच्या कुकरच्या शिट्ट्या वहीत टिपत. त्यांची बायको बायजा दर चार दिवसांनी ती वही चुलीत घालायची आणि ते दर चार दिवसांनी नवी आणायचे.

दीक्षा पहिल्यांदा त्यांच्याच ओटीवर गेली. ताप घेतला, बीपी घेतलं, मनगट धरलं. नाडी झाली. मग नजर घड्याळावर आणि घड्याळापलीकडे ठेवून ती गप्प उभी राहिली. श्वास अकरापर्यंत पोचला होता, इतक्यात मालोजी म्हणाले,

"नाडी किती आली गं पोरी?"

दीक्षाचा आकडा चुकला. आयुष्यात पहिल्यांदा. "बहात्तर, आजोबा."

"ती मगाशीच आली. तुझं व्हट हलायचं थांबलं तवाच मला कळलं. मंग पुढं माजा हात धरून काय बघत व्हतीस?"

"काही नाही."

"छत्तीस वर्सं काटे बघितलेत. कोण कुठल्या काट्याकडं बघतंय ते मला पाठमोरा असलो तरी उमगतं. तू माज्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीकडं बघत व्हतीस. ती वर-खाली व्हती काय ते मोजत व्हतीस. खरं हाय का नाय?"

आता दीक्षाने खोटं बोलायला हवं होतं. पण ती भीमाबाईची लेक. तिला खोटं बोलताना उचकी लागते. एक उचकी लागली आणि तिने सगळं सांगून टाकलं. श्वास गुपचूप मोजतात, माणसाला कळलं की श्वास बदलतो, म्हणून सांगायचं नसतं.

मालोजींचे डोळे असे लकाकले की जणू कुणी त्यांना त्यांचं स्टूल परत आणून दिलं. "म्हंजे मानसाला बी गेज असतो! आन चांगल्या मानसाचा काटा किती पायजे?"

"मिनिटाला बारा ते वीस."

"म्हंजे सोळा."

"नाही नाही, आजोबा, बारा ते वीसमध्ये कितीही—"

"काटा मधोमध पायजे. कडेला गेला की विंजनेर येतो." मालोजींनी विषय संपवला. "आन तुजा कागद बघायला कोन येनार?"

"टिपणीस सर. शनिवारी."

"कडक हाय?"

"खूप."

 मालोजींनी मनगट परत पुढे केलं, "मोज आता," म्हणाले आणि दीक्षाने मोजले. बरोबर सोळा.

"बाकीच्यांचं उद्या-परवा घेते," म्हणून दीक्षा पायऱ्या उतरून गेली आणि मालोजी तडक मारुतीच्या पारावर गेले.

संध्याकाळी सगळी वाडी पारासमोर जमली. मालोजींच्या डोक्यात हिशेब सरळ होता. पॉवर हाऊसमध्ये इन्स्पेक्शन आलं की साहेब काटे बघायचा. काटे जागेवर असले की ऑपरेटर शाबास, काटे हलले की ऑपरेटरला मेमो. इथे ऑपरेटर दीक्षा, आणि काटे कोण? अख्खी कातळवाडी.

"पोरीची नोकरी आपल्या नाकात हाय," मालोजी गरजले. "सोळा म्हंजे सोळा. सतरा नाय, पंधरा नाय. आन तिला कुनी काय बोलायचं नाय. ऑपरेटरला कळलं की त्याचा हात थरथरतो."

"पन मोजायचं कसं?" शेतावरून थेट आलेल्या कमळ्याने विचारलं. "घड्याळाकडं बघितलं तर तिला कळंल की!"

यावर बायजाने तोडगा काढला. त्या दिवसांत वाडीत घरोघरी बिरड्यासाठी वाल सोलणं चाललं होतं. "येक वाल सोलायला जेवढा टाइम लागतो, तेवढ्यात येक श्वास घ्यायचा नि सोडायचा. मिनिटाला सोळा वाल व्हतात. मी आताच बघितलं."

मालोजींनी घड्याळ लावून बघितलं. बायजाचे खरोखर सोळा वाल झाले. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, पण त्या संध्याकाळी त्यांनी बायकोकडे पहिल्यांदा असं पाहिलं की ती लाजून घरात गेली. मग सगळ्या वाडीने पाटीभर वाल मध्ये ठेवून सराव केला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात बिरडं होतं आणि प्रत्येक छातीत सोळाचा ठेका.

दीक्षा आली आणि कामाला लागली. नाडी ऐंशी, श्वास सोळा. नाडी चौसष्ट, श्वास सोळा. पदूमामा बिडी ओढणारे, त्यांचेही सोळा. त्यांची सासू नव्वदीची, तिचेही सोळा, आणि म्हातारी मोजून झाल्यावर गालातल्या गालात हसली. दहाव्या माणसाला दीक्षाने घड्याळ कानाला लावून बघितलं. पंधराव्याला तिने स्वतःलाच चिमटा काढला. सगळ्यांची बोटं मात्र मांडीवर काहीतरी सोलल्यासारखी का हलतात, हे काही तिला कळलं नाही.

शेवटी तिने छाया सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, इथे सगळ्यांचेच श्वास सोळा येताहेत."

"पूर्ण मिनिट मोजलेस?"

"दोन-दोनदा."

"मग लिही सोळा. जे दिसतं ते लिहायचं. बरं दिसावं म्हणून एक जरी आकडा मनाने टाकलास, तर माझ्या वर्गात बसली होतीस असं कुणाला सांगू नकोस."

दीक्षाने लिहिलं. चोवीस ओळी, चोवीस सोळा.

शनिवारी टिपणीस सर गिरणीची माडी चढून आले. पहिला कागद सुरभीचा. चौदा, एकोणीस, सतरा, बावीस, अठरा. सर खुलले. "व्वा! याला म्हणतात निरीक्षण. माणसागणिक आकडा वेगळा. हे बघा, हे तिसऱ्या मजल्यावरचे बावीस, म्हणजे जिना चढून आलेले दिसतात."

"हो सर," सुरभी म्हणाली. तिच्या बिल्डिंगमधली तिसऱ्या मजल्यावरची मंडळी गेला महिनाभर गावाला गेली होती, हे तिने सांगितलं नाही.

मग आला दीक्षाचा कागद. सर एक ओळ वाचून थांबले. दुसरी वाचली. मग बोट वरून खाली असं सरकवलं, जणू घसरगुंडीवरून पोर उतरतंय.

"सोळा, सोळा, सोळा. वीस वर्षं परीक्षा घेतोय मी! घरात पंख्याखाली बसून भरलेले कागद मी वासावरून ओळखतो. पण लबाडी करणारा निदान पंधरा-सतरा तरी मधे टाकतो. तुला तेवढाही कंटाळा?"

"सर, मी मोजलेत. दोन-दोनदा."

"चोवीस माणसं एकाच श्वासाने जगतात? ते गाव आहे की बँड?" लाल पेन बाहेर आलं.

छाया सिस्टर खुर्चीवरून उठल्या. त्या उठल्या की गिरणीसुद्धा बंद पडते, असं मुली म्हणत. त्या दिवशी योगायोगाने खरंच बंद पडली. "सर, माझी पोरगी खोटं लिहीत नाही. तिला उचकी लागते. कातळवाडी इथून अर्ध्या तासावर आहे. चला, स्वतः मोजा. एक जरी वेगळा निघाला तर लाल शाईने माझंही नाव लिहा."

"चला!" टिपणीस सर म्हणाले. दीक्षा आणि सुरभीही गाडीत बसल्या. जाता जाता सिस्टरनी दीक्षाकडून नंबर घेऊन बायजाला फोन करून ठेवला, की माणसं घरी असू द्या, साहेब येताहेत. त्यांचा हेतू सरळ होता. परिणाम मात्र असा झाला की गाडी पायथ्याला पोचली तेव्हा सारी कातळवाडी धुतलेले कपडे घालून पारासमोर रांगेत बसलेली होती.

वाडीला गाडी जात नाही. कातळात खोदलेल्या साठ पायऱ्या आहेत. टिपणीस सर पोटाने भरदार. चाळिसाव्या पायरीला ते "देखावा छान आहे" म्हणून थांबले, पन्नासाव्या पायरीला परत म्हणाले, तेव्हा त्यांची पाठ देखाव्याकडे होती.

वर पोचताच त्यांनी पदूमामांचं मनगट धरलं. सोळा. त्यांच्या सासूचं धरलं. सोळा. मागच्या रांगेतली माणसं अचानक पुढे बोलावली. सोळा, सोळा. सरांच्या कपाळावर घाम आला. दीक्षाच्या चेहऱ्यावर आठवड्याभरात पहिल्यांदा रंग चढला. सुरभी तिच्या कानात पुटपुटली, "बाई गं, हे तर खरंच निघालं की!" मालोजी पाराच्या कडेला स्टूल टाकून, हाताची घडी घालून सगळ्यांवर नजर ठेवून होते.

एवढ्यात कमळ्या आला. त्याला शेतावर निरोप उशिरा मिळाला होता. तो बांधावरून, ओढ्यातून, साठ पायऱ्यांवरून एका दमात पळत आला आणि धाडकन सरांसमोर बसून त्याने मनगट पुढे केलं.

सरांनी नाडी मोजली. एकशे चोवीस. मग ते तसेच गप्प राहून त्याच्या छातीकडे बघू लागले. कमळ्याने मनातल्या मनात वाल सोलायला घेतले. चौथ्या वालाला त्याचे डोळे मोठे झाले. नवव्या वालाला चेहरा वांग्यासारखा जांभळा. बाराव्याला कानांच्या पाळ्या थरथरायला लागल्या. वाडी टक लावून बघत होती. तेरा. चौदा. पंधरा. बायजाने पदर तोंडात धरला. सोळा! मिनिट संपलं आणि कमळ्याने असा श्वास सोडला की सरांच्या फायलीतले तीन कागद उडून करवंदाच्या जाळीत जाऊन पडले.

"नाडी एकशे चोवीस आणि श्वास सोळा?" सर ओरडले. "हे शक्यच नाही!"

"शक्य हाय सायेब," कमळ्या धापा टाकत म्हणाला, "पन लय तरास व्हतो."

सरांनी भिवया आवळल्या. त्यांना कसला तरी वास आला. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि ती टोकाला बसलेल्या हर्षलाच्या मांडीवरच्या चार महिन्यांच्या बाळावर थांबली. ते बाळाजवळ वाकले, त्याच्या पोटाकडे बघत पुरतं मिनिट उभे राहिले आणि मग विजयी मुद्रेने ताठ झाले.

"अडतीस! एवढ्या बाळाचे असेच असायला हवेत. या अख्ख्या गावात हा एकटा खरा माणूस!"

हर्षला शरमेने लाल झाली. बाळाला पदराखाली घेत ती घाईघाईने म्हणाली, "माफी करा सायेब. तो ल्हान हाय ना, त्याला आजून शिकवलं नाय."

मालोजींनी डोळे मिटून घेतले.

"शिकवलं नाही?" टिपणीस सर अगदी हळू म्हणाले. "म्हणजे बाकीच्यांना शिकवलंय?"

मालोजी स्टुलावरून उठले. पॉवर हाऊसमध्ये काही बिघडलं की पहिलं पाऊल पुढे टाकायची त्यांची सवय होती. "सायेब, शिकवलं ते मी. पोरीला यातलं काय बी म्हायत नाय. काटे जाग्यावर असले की ऑपरेटर पास व्हतो, असा आमचा समज. आमी तिच्यासाठी काटे जाग्यावर ठेवले."

"वाल सोलायचं मी शिकवलं," बायजा मागून म्हणाली. तिला आपला वाटा सोडायचा नव्हता.

"आजोबा!" दीक्षाला रडू की हसू तेच कळेना. "अहो, पेशंट पास व्हायचा नसतो! मी व्हायचं असतं!"

"मंग आदी सांगायचं नाय का गं?"

"आधीच सांगितलं, तिथेच तर चुकलं!" छाया सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला. "काय शिकवलं होतं मी? मनगट सोडायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. तू निम्मंच पाळलंस!"

"बस्स!" टिपणीस सर पाराच्या कट्ट्यावर बसले. त्यांचा चेहरा कमळ्यापेक्षा फार मागे नव्हता. "हे तर पंख्याखाली बसून भरण्यापेक्षा वाईट. अख्खं गाव पढवलेलं! चोवीसच्या चोवीस नोंदी रद्द. श्वास मोजता येतो याचा एकही पुरावा या मुलीकडे नाही." लाल पेन निघालं, कोरा कागद निघाला आणि सर दात ओठ खात शेरा लिहायला लागले. शेरा लांबलचक होता. पेन कागदावर करकरत होतं.

दीक्षा त्यांच्यासमोर मान खाली घालून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. सिस्टरना वाटलं, पोरगी रडतेय. त्यांनी तिच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला, तर दीक्षाने मान न हलवता बोटाने त्यांना "थांबा" अशी खूण केली.

सरांनी शेरा पुरा केला. "इथे सही कर. काही म्हणायचं आहे?"

"हो सर," दीक्षा म्हणाली. "सव्वीस."

"काय सव्वीस?"

"तुमचा श्वास, सर. पूर्ण मिनिट मोजला. तुम्ही लिहीत होता तेव्हा खिशातलं निळं पेन वर-खाली होत होतं, त्यावरून." तिला एकही उचकी लागली नाही. "नॉर्मलपेक्षा जास्त आहे. पण घाबरायचं कारण दिसत नाही. तुम्ही साठ पायऱ्या चढून आलात, जेवणानंतर पट्टा घट्ट आहे आणि आमचा राग आलाय. दहा मिनिटं बसून पाणी प्यायलात की खाली येईल. नाही आला तर मात्र सिस्टरना दाखवू. नाडी घेतली नाही, कारण मागितला असता तर तुम्ही हात दिला नसता."

टिपणीस सरांनी खिशातल्या निळ्या पेनाकडे बघितलं. "माझा? सव्वीस? छे! काहीतरीच. मी रोज सकाळी फिरायला जातो. हा घे हात, मोज परत. सिस्टर, तुम्हीही मोजा. मी नेहमी घेतो तसाच घेणार आहे."

त्यांनी मनगट पुढे केलं आणि दुसऱ्या हातात स्वतःचं घड्याळ धरलं. दीक्षाने मोजायला सुरुवात केली. छाया सिस्टर मोजायला लागल्या. आणि काय झालं कोण जाणे, पण पारासमोरच्या सगळ्या वाडीचे ओठ हलायला लागले. येक. दोन. तीन. पदूमामांची सासू बोटांवर मोजत होती. मालोजी स्टुलावर पुढे झुकले होते आणि त्यांचे डोळे सरांच्या खिशातल्या निळ्या पेनावर खिळले होते. बारा. तेरा. सर अगदी सहज बसले होते. इतके सहज, की फोटोला बसलेला माणूस बसतो तसे. चौदा. पंधरा.

"सोळाऽऽऽ!" अख्खी कातळवाडी ओरडली आणि पाइपांवरचे कावळे उडाले.

सरांनी घड्याळाकडे बघितलं. मिनिट संपलं होतं. "परत," ते कोरड्या आवाजात म्हणाले.

परत मोजले. सोळा.

"मी मुद्दाम करत नाहीये!" टिपणीस सर जवळजवळ काकुळतीला आले. "आपोआप होतंय हे!"

"आमाला बी पयल्या दिवशी असंच वाटलं, सायेब," बायजा समजुतीने म्हणाली आणि तांब्या-भांडं त्यांच्यासमोर ठेवलं.

पाणी पिताना सरांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. तीन मिनिटांपूर्वी सव्वीस, आणि मोजणार हे कळल्याबरोबर सोळा. म्हणजे पोरीचे चोवीस सोळा खरेच होते. तिने दिसलं तेच लिहिलं होतं. आणि या पारावर एकच श्वास असा मोजला गेला होता, की ज्याचा त्याच्या मालकालासुद्धा पत्ता नव्हता. तो तिनेच मोजला होता आणि अर्थही लावला होता.

त्यांनी आपला शेरा उचलला, दोनदा घडी घातली आणि खिशात कोंबला. दीक्षाचा कागद मांडीवर घेतला. तिथे चोविसाव्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने पंचविसावी ओढली. नाव टिपणीस, वय छप्पन, श्वास सव्वीस, कारण पायऱ्या आणि राग. मग निळं पेन काढून खाली लिहिलं, "उत्तीर्ण", आणि सही केली.

त्यानंतर जे झालं त्याला आरडाओरडा हाच शब्द बरा. कमळ्याने देवळातली घंटा इतकी बडवली की तिचा लोलक हातात आला. हर्षलाचं बाळ रडायला लागलं आणि या वेळी त्याचे श्वास मोजायच्या पलीकडे गेले होते. दीक्षा मालोजींच्या पाया पडली, बायजाच्या गळ्यात पडली आणि मग बाजूला जाऊन तिने आईला फोन लावला. पण तिला आनंदाने बोलता येईना, आणि तिकडून भीमाबाईचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, "अगं काय झालं? पास का नापास? दीक्षे! श्वास तरी घे गं!"

या गोंधळात सर सुरभीकडे वळले. "तुझ्या कागदावर चोवीस माणसांत एकही सोळा नव्हता. खरं मोजलं असतं तर एखादा तरी आला असता, नाही का?"

सुरभीने मैत्रिणीकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, शेवटी स्वतःच्या चपलांकडे बघितलं.

"सोमवारी भिसेगाव," छाया सिस्टर म्हणाल्या. "चोवीस घरं. मी तुझ्याबरोबर येतेय. तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात."

ऊन कलल्यावर मंडळी पायऱ्या उतरली. मालोजी गाडीपर्यंत पोचवायला आले. मुली मागे बसल्या, सिस्टर पुढे बसल्या. टिपणीस सर मात्र दाराला हात लावून घुटमळत राहिले. गाडीत कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ते मालोजींच्या जवळ सरकले.

"मालोजीराव, एक विचारतो. मघापासून माझं लक्ष तिकडेच लागलंय. घेतो आणि मोजतो, घेतो आणि मोजतो. हे... हे जातं कधी?"

मालोजींनी चौफेर बघितलं. मग तेही जवळ सरकले.

"मला आज आठवा दिवस हाय, सायेब," ते म्हणाले. "तुमाला कळलं तर मला बी सांगा."